खाण तशी माती? : ‘का’ या प्रश्नाची अनेक उत्तरे

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका विज्ञान-प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. सातवीतल्या एका मुलाने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, बाटल्यांची बुचे आणि एक प्लॅस्टिकची नळी एवढ्या सामानातून पाणी उपसण्याचा छोटा पंप केला होता. झडप उघडते कधी, मिटते कधी आणि का, हे तो न अडखळता सांगत होता. चहाच्या वेळी शिक्षक-खोलीत मी त्याचे कौतुक केले. त्यावर एक सर म्हणाले, “हात चांगला आहे हो त्याचा, पण अभ्यासात काही नाही. घरातच नाही, तर येणार कुठून? खाण तशी माती.” शेजारच्या बाई लगेच म्हणाल्या, “असं नका म्हणू, सर. त्याचे आई-वडील वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला जातात, हाही कधी बरोबर जातो. परिस्थितीच तशी आहे.”

मग अनुवंश की परिस्थिती, असा वाद रंगला. शेवटी दोघांनीही माझ्याकडे पाहिले. “तुम्ही या विषयातले. तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?”

मी म्हणालो, “थोडं हे, थोडं ते.” तेवढ्यात घंटा झाली आणि माझी सुटका झाली.

‘थोडे हे, थोडे ते’ हे उत्तर आपण सगळेच देतो. ते समजूतदारपणाचे वाटते आणि कोणाला दुखवतही नाही. पण नंतर विचार करताना लक्षात आले, की ते उत्तर अपुरे तर होतेच, शिवाय चुकीचेही होते. ‘का’ हा दिसायला एक प्रश्न असला तरी त्याच्या पोटात अनेक प्रश्न असतात. निसर्ग समजून घेण्याच्या निरनिराळ्या पद्धती म्हणजे बऱ्याच अंशी या निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याच्या पद्धती होत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडले, की गफलत होते. फुला-पाखरांच्या बाबतीत अशी गफलत झाली तर परीक्षेत दोन गुण जातात. माणसांच्या बाबतीत झाली तर काय होते, ते आपण शेवटी पाहू.

कोकीळ का ओरडतो?

आधी माणसाला बाजूला ठेवून एक ओळखीचा पक्षी घेऊ. चैत्र-वैशाखात पहाटेपासून कोकीळ ओरडू लागतो. कवितांत गाते ती कोकिळा. प्रत्यक्षात ‘कुहू’ अशी साद घालतो तो काळाभोर नर. मादी तपकिरी, अंगभर ठिपके असलेली असते आणि तिचा आवाज अगदी वेगळा असतो.

आता वर्गात विचारा : कोकीळ का ओरडतो? चार मुले चार उत्तरे देतील.

पहिला म्हणेल, दिवस मोठा होऊ लागला, की बऱ्याच पक्ष्यांच्या शरीरात विशिष्ट संप्रेरकांचे प्रमाण वाढते. त्यांचा मेंदूवर परिणाम होतो आणि श्वासनलिकेच्या बुडाशी असलेले ध्वनियंत्र कामाला लागते, म्हणून.

दुसरी म्हणेल, तो जन्मापासूनच त्या आवाजाची घडण घेऊन येतो, म्हणून. कोकिळेची मादी अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. पिल्लू वाढते कावळ्यांत, ऐकते त्यांचीच काव-काव, पण मोठे झाल्यावर ‘कुहू’च करते. म्हणजे ही हाक ते पालकांकडून शिकत नाही. मात्र सगळ्याच पक्ष्यांचे असे नसते. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या युरोपीय पक्ष्याची पिल्ले इतरांचे गाणे कानावर न पडू देता वाढवली, तेव्हा त्यांचे गाणे ओबडधोबड झाले. त्या पक्ष्याला गाणे ऐकून शिकावे लागते.

तिसरा म्हणेल, मादीला बोलावण्यासाठी आणि इतर नरांना ‘ही जागा माझी आहे’ हे कळवण्यासाठी.

चौथी म्हणेल, त्याचे सगळे कूळच असे आहे, म्हणून. भारद्वाज हा याच कुळातला. तो स्वतःचे घरटे बांधतो आणि पिल्लेही स्वतःच वाढवतो, पण त्याचाही घुमणारा आवाज दूरवर जातो. पावशाही याच कुळातला, आणि त्याच्याही हाकेने उन्हाळ्याच्या शेवटी रान दुमदुमते. दूर जाणारी, पुन्हापुन्हा घातलेली साद हे या कुळाचे जुने वैशिष्ट्य दिसते.

यांतले कोणाचे उत्तर बरोबर? चारही! आणि कोकीळ पंचवीस टक्के संप्रेरकांमुळे, पंचवीस टक्के मादीसाठी ओरडतो असे म्हणणे हास्यास्पद आहे. ही एका पोळीची चार चतकोर नव्हेत. चारही उत्तरे पूर्ण आहेत, कारण ती चार वेगळ्या प्रश्नांची आहेत : हे आत्ता कशामुळे घडते? एका जिवाच्या आयुष्यात हे कसे घडत गेले? याचा उपयोग काय? आणि हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या उत्क्रांतीतून आले कसे?

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करताना हे चार प्रश्न वेगवेगळे ठेवावेत, असे निको टिंबरगेन या मूळच्या डच शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये एका निबंधात मांडले. पुढे १९७३ मध्ये कोनराड लोरेंत्स आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक प्रश्नाला पुरावा वेगळ्या प्रकारचा लागतो, हे त्यांनी स्वतःच्या कामातून दाखवले. उदाहरणार्थ, काळ्या डोक्याचा कुरव पक्षी पिल्लू बाहेर आल्यावर फुटकी टरफले उचलून घरट्यापासून दूर नेऊन टाकतो. कशासाठी? टरफलाची आतली बाजू पांढरी असते, ती शत्रूच्या नजरेत भरत असावी, हा झाला तर्क. टिंबरगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही अंड्यांजवळ टरफले ठेवली, काहींपासून ती कमी-अधिक अंतरावर ठेवली आणि मोजणी केली. टरफल जितके जवळ, तितकी कावळ्यांसारख्या पक्ष्यांनी अंडी पळवण्याची शक्यता जास्त, असे आढळले. ‘उपयोग काय’ या प्रश्नाचे उत्तरही नुसती गोष्ट रचून देता येत नाही. ते तपासावे लागते.

मोठा दाणा, लहान दाणा

आता ‘खाण तशी माती’कडे वळू. माझे स्वतःचे काम पिकांच्या आनुवंशिकतेवर आहे आणि आमच्या क्षेत्रात ही म्हण शब्दशः तपासली गेली आहे, तीही घेवड्याच्या दाण्यांवर.

डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी १९०३ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. घेवड्याच्या फुलात बहुतांशी स्वपरागण होते. त्यामुळे एका दाण्यापासून निघालेली संतती आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखी असते. तिला ‘शुद्ध वंश’ म्हणतात. योहानसेन यांनी असे १९ शुद्ध वंश वेगळे केले. प्रत्येक वंशाच्या दाण्यांचे सरासरी वजन वेगळे होते आणि ते पुढच्या पिढीतही वेगळेच राहिले. म्हणजे जड वंशाची संतती जड, हलक्याची हलकी. म्हण खरी ठरली!

पण एकाच वंशातही सगळे दाणे सारखे नव्हते. काही टपोरे, काही बारीक. योहानसेन यांनी एकाच वंशातले टपोरे आणि बारीक दाणे वेगवेगळे पेरले. दोन्हींच्या संततीचे सरासरी वजन सारखेच भरले. टपोऱ्या दाण्याने टपोरेपणाचा वारसा दिला नाही आणि बारक्या दाण्याने बारीकपणाचा. तो फरक शेंगेतली जागा, झाडाला मिळालेले अन्नपाणी अशा कारणांनी पडलेला होता. इथे म्हण साफ खोटी ठरली.

यातला बारकावा महत्त्वाचा आहे. समजा, तळहातावर सारख्याच वजनाचे दोन दाणे आहेत. एक जड वंशातला, पण उपाशी राहिलेला. दुसरा हलक्या वंशातला, पण चांगले खायला मिळालेला. नुसते बघून किंवा वजन करून त्यांतला भेद कळेल का? मुळीच नाही. तो कळण्यासाठी दोघांना सारख्या मातीत पेरून पुढची पिढी पाहावी लागते. दाण्याचे दिसणारे रूप आणि त्याच्या आत असलेला वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रयोगाचा धडा. आज आपण ज्याला ‘जनुक’ म्हणतो त्यासाठीचा ‘जीन’ हा शब्दही योहानसेन यांनीच १९०९ मध्ये सुचवला.

दोन वाफे

याच्या पुढची पायरी शाळेच्या बागेत करून पाहता येईल. गावरान मक्याचे किंवा ज्वारीचे मिसळीचे बियाणे घ्या. ते नीट कालवून डोळे मिटून दोन ढीग करा. एक ढीग खतावलेल्या, एकसारख्या मातीच्या वाफ्यात पेरा. दुसरा नुसत्या वाळूच्या वाफ्यात पेरा, पण तीही सगळीकडे एकसारखी असू द्या. पाणी सारखेच द्या. महिन्याभराने रोपांची उंची मोजा.

प्रत्येक वाफ्यात काही रोपे उंच, काही ठेंगणी दिसतील. एका वाफ्यातली माती, पाणी आणि ऊन सगळ्या रोपांना सारखेच मिळाले असेल, तर त्या वाफ्याच्या आतला फरक हा मुख्यतः बियाण्याचा, म्हणजे अनुवंशाचा आहे. पण पहिल्या वाफ्याची सरासरी दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त असेल. हा दोन वाफ्यांमधला फरक कशाचा? बियाणे तर एकाच पोत्यातले, न निवडता वाटलेले. म्हणजे तो फरक मातीचा.

वाफ्याच्या आतला फरक अनुवंशाचा असला म्हणून दोन वाफ्यांमधला फरक अनुवंशाचा ठरत नाही. १९६९ मध्ये आर्थर जेन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या बुद्ध्यंकातील फरकामागे अनुवंशाचा मोठा वाटा असावा, असा लेख लिहिला. त्याला उत्तर देताना आनुवंशिकीतज्ज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० मध्ये बियाण्याचा असाच दाखला दिला होता.

माणसाच्या उंचीचे उदाहरण घ्या. खाण्यापिण्याची आबाळ नसलेल्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकापैकी सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते. म्हणून उंची ‘ठरलेली’ आहे का? जगातल्या २०० देशांमधल्या उंचीचा आढावा घेणारा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९६ मध्ये जन्मलेल्या आणि १९९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियन स्त्रियांच्या सरासरी उंचीत त्यात सुमारे २० सेंटिमीटरचा फरक आढळला. शंभर वर्षांत, म्हणजे चार-पाच पिढ्यांत, एका देशाची जनुके इतकी बदलत नाहीत. बदलला तो वाफा.

टक्केवारी कोणाची?

आता शिक्षक-खोलीतल्या माझ्या उत्तरात काय चुकले, ते सांगता येईल. ८० टक्के हा आकडा एका समूहातल्या, एका विशिष्ट परिस्थितीतल्या *फरकांबद्दल* आहे. तो कोणा एका माणसाबद्दल नाही. एखाद्याच्या १६० सेंटिमीटर उंचीपैकी १२८ सेंटिमीटर जनुकांनी दिले आणि ३२ सेंटिमीटर भाकरीने, असा त्याचा अर्थ होत नाही.

मानसशास्त्रज्ञ डोनल्ड हेब यांच्या नावाने एक सोपा दाखला सांगितला जातो. आयताचे क्षेत्रफळ लांबीमुळे जास्त ठरते की रुंदीमुळे? एका आयतापुरता या प्रश्नाला अर्थच नाही. लांबी नसेल तर क्षेत्रफळ नाही, रुंदी नसेल तरी नाही. हां, शंभर आयत घेतले आणि त्या सगळ्यांची रुंदी जवळपास सारखी असली, तर त्यांच्या क्षेत्रफळातला *फरक* मुख्यतः लांबीचा आहे, असे म्हणता येईल. पण दुसरे शंभर आयत घेतले, तर उत्तर उलटेही येईल. ‘थोडे हे, थोडे ते’ म्हणताना मी एकाच आयताची टक्केवारी काढायला निघालो होतो.

दुसरा गैरसमज म्हणजे आनुवंशिक असेल ते अटळ असते. फिनिलकीटोन्युरिया नावाचा एक आजार आहे. नॉर्वेचे डॉक्टर आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी तो १९३४ मध्ये ओळखला. आई-वडील दोघांकडूनही एका जनुकाची सदोष प्रत आली, की प्रथिनांतल्या फिनिलॲलनिन या घटकाचे पचन नीट होत नाही. तो शरीरात साचतो आणि बाळाच्या मेंदूला इजा होते. कारण शंभर टक्के आनुवंशिक म्हणावे असे. पण १९५३ मध्ये हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घटक अगदी कमी असलेल्या आहाराचा उपयोग होतो, हे दाखवले. जन्मल्यावर लगेच निदान करून असा आहार सुरू केला आणि तो पाळला, तर मेंदूची इजा टाळता येते. जनुक तेच, ताट वेगळे आणि मूल वेगळे. ‘हे कशामुळे झाले’ आणि ‘हे बदलता येईल का’ हेही दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

माणूस ऐकतो

इथपर्यंत माणूस आणि घेवडा यांच्यात आपण फरक केला नाही. चारही प्रश्न माणसालाही लागू पडतात. तोही सजीवच आहे. पण माणसाच्या बाबतीत एक गोष्ट जादा आहे. घेवड्याला तुम्ही ‘हलक्या वंशाचा’ म्हटले, तरी त्याच्या दाण्याच्या वजनात फरक पडत नाही. माणूस मात्र त्याच्याविषयी बोललेले ऐकतो आणि ऐकून बदलतो.

त्याही आधी, बोलणारा बदलतो. रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना उंदीर सांभाळून चक्रव्यूहातली वाट शिकवायची होती. काहींना सांगितले, की तुमचे उंदीर हुशार जातीचे आहेत. काहींना सांगितले, मठ्ठ जातीचे. प्रत्यक्षात सगळे उंदीर एकाच प्रकारचे होते. तरीही ‘हुशार’ म्हणून दिलेल्या उंदरांची कामगिरी सरस ठरली. उंदरांना आपले नाव कळले नव्हते. फरक पडला तो हाताळणाऱ्यांच्या वागण्यामुळे.

मग रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत असाच प्रयोग केला. तो १९६८ मध्ये पुस्तकरूपाने आला. सुमारे एक-पंचमांश मुलांची नावे केवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि शिक्षकांना सांगितले, की ही मुले यंदा विशेष प्रगती करतील असे चाचणीवरून दिसते. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या अशा मुलांच्या गुणांत इतरांपेक्षा लक्षणीय वाढ दिसली. वरच्या इयत्तांत तसा परिणाम दिसला नाही. या प्रयोगावर, विशेषतः लहान मुलांसाठी वापरलेल्या चाचणीवर, कडक टीका झाली. नंतरच्या अनेक अभ्यासांवरून आज असे म्हणता येते : शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम सर्वसाधारणपणे लहान असतो, आणि शिक्षकांचे अंदाज पुष्कळदा पुराव्यावर बेतलेले असल्याने ते बरोबरही येतात. मात्र ज्यांना समाज आधीच कमी लेखतो, त्या मुलांवर हा परिणाम जास्त होत असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे जिथे सर्वाधिक जपायला हवे, तिथेच शब्द अधिक लागतात.

त्या दिवशी शिक्षक-खोलीत आमचे बोलणे चालू असताना चहाचे रिकामे कप गोळा करायला एक मुलगा आला होता. तो पंपवालाच मुलगा होता, हे तो बाहेर गेल्यावर माझ्या लक्षात आले. त्याने किती ऐकले, ते मला माहीत नाही.

एक कायदा

हा प्रश्न एका शाळेपुरता नाही. ‘खाण तशी माती’ ही समजूत आपल्या देशात एकेकाळी कायदा होऊन बसली होती. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा मुलगा सुतार, तसे काही जमातींत गुन्हेगारी पिढीजात असते, अशा युक्तिवादावर तो उभा होता. सुरुवातीला तो मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली. जमात एकदा यादीत आली, की त्या जमातीत जन्मलेला माणूस संशयित ठरे. नावनोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव न सोडणे अशी बंधने असत. काहींना वसाहतींत ठेवले जाई. सोलापूरची ‘सेटलमेंट’ महाराष्ट्रात अनेकांना ऐकून माहीत आहे. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या यादीतून मुक्त झाल्या, म्हणून त्यांना ‘विमुक्त’ म्हणतात.

आपण वर पाहिलेल्या सगळ्या चुका इथे एकत्र सापडतात. दोन वाफ्यांमधला फरक बियाण्याच्या नावावर मांडला गेला. भटक्यांचे जुने व्यवसाय बुडणे, जंगलांवर आणि मिठाच्या व्यापारावर आलेले निर्बंध, बदललेली वाहतूक ही वाळू कोणी पाहिली नाही. एकट्याने केलेला गुन्हा साऱ्या वंशाचा गुण ठरवला. आणि सर्वांत वाईट म्हणजे लावलेल्या शिक्क्यानेच स्वतःचा पुरावा तयार केला. यादीतल्या माणसाला काम कोण देणार? गावात राहू कोण देणार? मग पोट भरण्यासाठी काही उरले नाही, की म्हणायचे, ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’

आतून पाहणे

या लोकांच्या जगण्याबद्दल मराठी वाचकांना खरी जाणीव कशामुळे झाली? अहवालांमुळे थोडीफार. पण मुख्यतः लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांमुळे. माने कैकाडी समाजातले, गायकवाड उचल्या समाजातले. ही विज्ञानाची पुस्तके नाहीत. त्यांत सरासरी नाही, तुलनेसाठी दुसरा वाफा नाही. पण ‘गुन्हेगार’ म्हणून जन्माला येणे म्हणजे काय, शाळेच्या दारात असे मूल उभे राहते तेव्हा त्याला काय वाटते, या प्रश्नाचे उत्तर ती देतात आणि ते कोणत्याही मोजपट्टीवर मिळत नाही.

हीही समजून घेण्याची एक पद्धत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विचारवंत विल्हेल्म डिल्थाय यांनी निसर्गाचे कार्यकारण लावणे आणि माणसाचे मन त्याच्या अनुभवातून जाणून घेणे, असा भेद केला होता. हे दोन रस्ते एकमेकांना पर्याय आहेत, असे मात्र मला वाटत नाही. एका आत्मकथनावरून किती मुलांवर अशी वेळ येते ते कळत नाही. त्यासाठी मोजणीच हवी. मोजणीवरून ती वेळ कशी असते ते कळत नाही. त्यासाठी ऐकावे लागते. घेवड्याला विचारण्याची सोय नाही. मुलाला विचारता येते, आणि आपण बहुधा तेवढेच करायचे राहून जातो.

वर्गात काय करता येईल?

‘हा मुलगा अभ्यासात मागे का?’ असा प्रश्न पुन्हा पडेल, तेव्हा तो एकच प्रश्न समजू नये. त्याचे निदान असे भाग करावेत.

१. *आत्ता काय होते आहे?* फळ्यावरचे दिसते का? ऐकू येते का? झोप होते का? सकाळी काही खाल्ले होते का? डोळे तपासून घेण्याने सुटलेले ‘मठ्ठ’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

२. *हे कसे घडत आले?* कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात शाळा बुडाली आणि तेव्हा वर्गात काय शिकवले जात होते? ऊसतोडीचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्याच काळात अपूर्णांक शिकवून झाले असतील, तर पुढची दोन वर्षे तो गणितात अडखळणारच.

३. *या वागण्याचा त्याला उपयोग काय?* वर्गात गप्प बसणे हा हसे होऊ न देण्याचा उत्तम मार्ग असू शकतो.

४. *हे कुठून आले?* एका मुलाच्या बाबतीत इथे उत्क्रांतीपेक्षा इतिहास उपयोगी पडतो. घरातली शाळेत येणारी ही पहिली पिढी का? असल्यास कशामुळे?

५. *त्याचे स्वतःचे काय म्हणणे आहे?*

विद्यार्थ्यांनाही हा खेळ द्यावा. बारावीच्या मुलांना ‘माणसाला मिरची खाल्ल्यावर घाम का येतो?’ किंवा ‘मांजर पिल्ले तोंडात धरून जागा का बदलते?’ असे प्रश्न देऊन प्रत्येकाची चार उत्तरे काढायला सांगावे. कोणते उत्तर तपासायला कोणता प्रयोग लागेल, हेही विचारावे. वाद घालणाऱ्या दोघांची उत्तरे एकाच प्रश्नाची आहेत का, हे आधी पाहण्याची सवय त्यातून लागते.

त्या सरांना आणि बाईंना आज मी काय सांगेन? सर, तुम्ही दाणा पाहून वंश सांगितलात. तो तसा सांगता येत नाही, हे घेवड्याने १९०३ मध्येच दाखवले आहे. बाई, तुम्ही वाफा दाखवलात ते योग्यच होते. पण ‘परिस्थितीच तशी’ एवढ्यावर थांबलो, तर तोही एक शिक्काच होतो, फक्त जरा सहानुभूतीचा. परिस्थिती नेमकी कुठे आणि कशी आड येते, ते एकेक करून शोधले, तरच तिच्यात हात घालता येतो. आणि मी? ज्याने झडप कशी मिटते ते मला समजावून सांगितले होते, त्याला ‘तुला गणितात नेमके कुठे अडते?’ हे मी विचारायला हवे होते. तो समोरच होता.